दुसऱ्यांना ओढून आणणारी बोट: ‘झूनी’ ऊर्फ ‘टॅमरोआ’

मार्च १९६३. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात गोवानस नावाचा कालवा आहे. तिथल्या एका तरंगत्या गोदीत अमेरिकन तटरक्षक दलाची २०५ फुटी बोट दुरुस्तीसाठी ठोकळ्यांवर चढवून ठेवली होती. बोट गोदीत असली तरी खलाशांचा मुक्काम बोटीवरच होता, त्यामुळे त्यांची ये-जा गोदीच्या भिंतीवरून चाले. मध्यरात्रीच्या सुमारास एक खलाशी भरपूर ढोसून परत आला. भिंतीवरून झुलत येताना त्याला तीन मोठी चाकं दिसली. काय वाटलं कोण जाणे, त्याने ती एकामागून एक वीस-वीस वेळा फिरवली. गोदीच्या टाक्यांत पाणी घेण्याच्या झडपा त्या चाकांवर चालत होत्या.

१२ वाजून ११ मिनिटांनी तो बोटीवर चढला. समोर दिसलेल्या सोबत्याला तो पुटपुटला की मी कसल्यातरी झडपा फिरवल्या. इंजिनाच्या पहाऱ्यावर असलेल्यालाही त्याने तेच सांगितलं. दोघांनीही मनावर घेतलं नाही. दारूचा भपकारा मारणाऱ्या माणसाजवळ उभं राहून चौकशी कोण करणार? १२.२० ला कुणाला तरी गोदीत पाणी दिसलं. १२.३० ला बोट कलू लागली, भोंगा झाला, सगळ्यांना किनाऱ्यावर पिटाळण्यात आलं. आणखी दहा मिनिटांत बोट आणि गोदी दोन्ही वीस अंशांहून जास्त कलल्या. त्यानंतरच्या दहा मिनिटांत बोट ठोकळ्यांवरून घसरली आणि गोदीच्या भिंतीवर जाऊन आदळली. गोदीचा काही भाग बुडाला, बोटही अर्धीमुर्धी पाण्यात गेली. सुदैवाने कोणाला खरचटलंही नाही.

या बोटीचं नाव ‘टॅमरोआ’. त्याआधी तिचं नाव ‘झूनी’ होतं आणि त्या नावाने ती दुसऱ्या महायुद्धात प्रशांत महासागर पालथा घालून आली होती. टॉर्पेडो लागलेल्या क्रूझर, म्हणजे मोठ्या युद्धनौका, ओढून आणणारी, इवो जिमा या जपानी बेटाच्या किनाऱ्यावर महिनाभर राबलेली बोट गोदीत, सुक्यावर, एका झिंगलेल्या माणसाच्या हातून बुडाली! एवढ्यावरही ती संपली नाही. तिला उचललं, दुरुस्त केलं आणि ती पुढे आणखी तीस वर्षं चालली.

जुन्या लष्करी टगचं सेवेनंतर काय होतं, हे समजून घ्यायला मला हिच्याइतकं चांगलं प्रकरण दुसरं सापडलेलं नाही. युद्ध, बचावकार्य, कोर्टकज्जा, वादळ, संग्रहालय करण्याचे फसलेले बेत आणि शेवटी समुद्राचा तळ, सगळं एकाच बोटीच्या वाट्याला आलं. मला छळणारा प्रश्न शेवटच्या टप्प्याचा आहे. एवढं करूनही ही बोट वाचली नाही आणि तिच्यापेक्षा कितीतरी छोटी, अवघ्या तीन दिवसांच्या कामगिरीवर ओळखली जाणारी दुसरी एक टग आज दिमाखात उभी आहे. असं का झालं?

टग म्हणजे नेमकं काय

टगबोटीला सरकारी मराठीत ‘कर्षनौका’ म्हणतात. भाऊच्या धक्क्यावर हा शब्द वापरलात तर कोणी मागे वळूनही बघणार नाही. तिथे ती टगच. आपल्याकडे ‘टग्या’ म्हणजे दांडगट पोरगा, आणि हा अर्थ त्या बोटीला योगायोगाने चपखल बसतो. बुटकी, रुंद, अंगापेक्षा ताकद जास्त आणि सदोदित कुणाच्या तरी अंगाला भिडलेली.

आपण बंदरात पाहतो त्या टग मोठ्या जहाजांना धक्क्याला लावतात, धक्क्यावरून काढतात. झूनीची जात वेगळी. ती ‘फ्लीट टग’, म्हणजे आरमाराच्या पाठोपाठ भर समुद्रात जाणारी. प्रशांत महासागरातल्या लढाईत अंतर हाच मोठा शत्रू होता. जहाजाला टॉर्पेडो लागला आणि इंजिन बंद पडलं की जवळची गोदी हजार-दीड हजार मैलांवर. तिथवर ओढून नेणारं कोणी नसेल, तर तरंगत असलेलं जहाजही आपणच बुडवून पुढे जायची वेळ येई. म्हणून १९४० च्या सुमारास अमेरिकेने या वर्गाच्या टग बांधायला घेतल्या. त्यांना नावं दिली मूळ अमेरिकन जमातींची: नवाहो, चेरोकी, सेमिनोल, अपाची, झूनी. ज्यांना त्यांच्याच भूमीवरून हुसकावलं, त्यांची नावं ओझी ओढणाऱ्या बोटींना! हे ठरवताना कुणाला काही खटकलं असेल असं वाटत नाही.

झूनी बांधली ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडच्या ‘कमर्शियल आयर्न वर्क्स’ने. मार्च १९४३ मध्ये काम सुरू, ३१ जुलैला पाण्यात आणि ९ ऑक्टोबरला नौदलात दाखल. सात महिन्यांत बोट तयार. वजन पूर्ण भारासह सुमारे १,६५० टन, माणसं ऐंशीच्या घरात, नाळेकडे तीन इंची तोफ.

तिची यंत्रणा मला विशेष आवडते. चार डिझेल इंजिनं, पण एकही थेट पंख्याला जोडलेलं नाही. इंजिनं जनरेटर फिरवतात, त्या विजेवर मोटर चालते आणि मोटर एकच मोठा पंखा फिरवते. ताकद सुमारे ३,००० अश्वशक्ती. एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी? कारण ओढायला लागल्याच्या पहिल्या क्षणी टगला वेग नको असतो, हळू फिरणारा पण पूर्ण जोर लावणारा पंखा हवा असतो. थेट जोडलेल्या डिझेलला हे नीट जमत नाही, मोटरला जमतं.

दुसरी गंमत तारेची. ओढायची पोलादी तार दोनेक इंच जाड. नवख्या माणसाला वाटतं की तार जितकी ताठ तितकं ओढणं चांगलं. खरं तर ताठ तार म्हणजे संकट. दोन्ही बोटी वेगवेगळ्या लाटेवर असतात. एक चढली आणि दुसरी उतरली की झटका बसतो आणि तार तुटते. म्हणून शेकडो फूट तार सोडून देतात. ती आपल्याच वजनाने पाण्यात झोळीसारखी लोंबते आणि झटका त्या झोळीत जिरतो. या टगवर ताण वाढला की तार आपोआप सोडणारं आणि कमी झाला की गुंडाळणारं यंत्र होतं. तरीही तार तुटायचीच. तुटलेली तार डेकवरून चाबकासारखी फिरते, त्यामुळे ओढकाम चालू असताना मागच्या डेकवर विनाकारण कोणी थांबत नाही.

दोन क्रूझर आणि एक किनारा

ऑक्टोबर १९४४ मध्ये फॉर्मोसाजवळ, म्हणजे आजच्या तैवानजवळ, अमेरिकन विमानवाहू ताफ्यावर जपानी विमानांनी हल्ले चढवले. ‘कॅनबेरा’ आणि ‘ह्यूस्टन’ या दोन क्रूझरना टॉर्पेडो लागले. ह्यूस्टनला ओढून नेत असताना दोन दिवसांनी दुसरा टॉर्पेडो बसला. तिच्यात सहा हजार टनांहून अधिक पाणी शिरलं होतं. नुसतं ते पाणीच झूनीच्या वजनाच्या जवळजवळ चौपट! आधी ‘पॉनी’ नावाच्या टगने आणि मग तिच्या जोडीला झूनीने हे धूड अमेरिकन आरमाराचा तळ असलेल्या उलिथी बेटाच्या खाजणापर्यंत आणलं. या रखडत चाललेल्या तांड्याला खलाशी विनोदाने ‘आमिष तुकडी’ म्हणत. जपानी आरमार या जखमी जहाजांच्या मोहाने बाहेर यावं असा वरिष्ठांचा डाव होता. गळाला लावलेल्या किड्याला गळ टाकणाऱ्याचं कौतुक कितपत वाटत असेल, हे त्या खलाशांनाच विचारायला हवं होतं.

नोव्हेंबरच्या ३ तारखेला फिलिपिन्सच्या पूर्वेला ‘रीनो’ या क्रूझरला पाणबुडीचा टॉर्पेडो लागला. तिलाही झूनीने सुमारे १,५०० मैल ओढत उलिथीला पोहोचवलं. ताशी पाच-सहा मैलांच्या चालीने दीड हजार मैल म्हणजे रात्रंदिवस दहा-बारा दिवस. मागे कधीही बुडेल असं जहाज आणि पाण्याखाली पाणबुड्या. लढाईच्या इतिहासात या दिवसांना एखादी ओळ मिळते आणि त्या ओळीतही कर्ता रीनो असते: ‘रीनोला ओढून नेण्यात आलं.’ कोणी ओढलं, ते टिपेत.

इवो जिमाला १९४५ च्या फेब्रुवारीत सैन्य उतरलं. तिथली वाळू ज्वालामुखीच्या राखेची, काळी आणि पाय रुतवणारी. किनारा उतरता, लाटा थेट अंगावर येणाऱ्या. सैन्य उतरवणाऱ्या बोटी किनाऱ्याला लागल्या की आडव्या होऊन रुतत. त्यांना ओढून काढणं, गळणाऱ्या जहाजांना तात्पुरती ठिगळं लावणं, इंधनाच्या नळ्या टाकणं अशी कामं झूनीने तिथे ३१ दिवस केली. २३ मार्चला एलएसटी-७२७ या रणगाडे उतरवणाऱ्या जहाजाला सोडवायला गेली आणि स्वतःच ‘यलो बीच’वर आडवी होऊन रुतली. तळ चांगलाच चेचला. युद्ध संपलं तेव्हा तिच्या नावावर चार ‘बॅटल स्टार’, म्हणजे लढायांतल्या कामगिरीचे मान, होते.

बहिणींची पांगापांग

झूनीचं पुढचं आयुष्य बघण्याआधी तिच्या जातीच्या इतर बोटी कुठे कुठे गेल्या ते सांगायला हवं.

नवाहो, सेमिनोल आणि नॉसेट युद्धातच बुडाल्या. उरलेल्या बऱ्याच पुढे मित्रदेशांना मिळाल्या. झूनीच्या आधीच्याच क्रमांकाची, त्याच पोर्टलंडच्या कारखान्यात त्याच जुलैत पाण्यात उतरलेली ‘युमा’ १९५९ मध्ये पाकिस्तानला गेली आणि कराचीत ‘मददगार’ झाली. टगला याहून नेमकं नाव कोणी दिलं असेल असं मला वाटत नाही. शत्रूराष्ट्राच्या बोटीचं कौतुक करतोय खरं, पण नाव चांगलं आहे.

‘लुइसेन्यो’ अर्जेंटिनाला गेली आणि ‘फ्रान्सिस्को दे गुरुचागा’ झाली. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश पाणबुडीने ‘जनरल बेलग्रानो’ ही क्रूझर बुडवली. तेव्हा दक्षिण अटलांटिकच्या गोठवणाऱ्या वादळात रबरी तराफ्यांवर भरकटलेल्या माणसांना वेचायला हीच जुनी टग पोहोचली. तिने एकटीने साडेतीनशेहून अधिक जण उचलले. बेलग्रानो हीसुद्धा मूळची अमेरिकन क्रूझर ‘फिनिक्स’, पर्ल हार्बरमधून सहीसलामत सुटलेली. युद्धाच्या दोन जुन्या बोटी चाळीस वर्षांनी, दुसऱ्याच देशाच्या झेंड्याखाली, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला अशा भेटल्या. आणखी एक भगिनी ‘काहुइला’ अर्जेंटिनातच ‘कमांडंट जनरल इरिगोयेन’ झाली आणि निवृत्तीनंतर सान पेद्रो या नदीकाठच्या गावात संग्रहालय म्हणून उभी राहिली.

म्हणजे टगला दुसरं आयुष्य सहसा मिळतंच. तोफखान्याचं जहाज युद्ध संपलं की पांढरा हत्ती होतं. टगचं काम मात्र शांततेतही चालू राहतं. आयुष्य मिळतं ते ओढण्याच्या ताकदीमुळे. इतिहासामुळे मिळालं असं फार क्वचित.

टॅमरोआ

जून १९४६ मध्ये झूनी तटरक्षक दलाकडे गेली. नवं नाव टॅमरोआ, इलिनॉय परिसरातल्या आणखी एका मूळ अमेरिकन जमातीचं. पुढची ४८ वर्षं तिने पांढऱ्या रंगात तेच काम केलं. बंद पडलेल्या बोटी ओढणं, मासेमारीवर लक्ष ठेवणं, नंतरच्या काळात गांजाच्या तस्करांमागे लागणं. जुलै १९५६ मध्ये नॅन्टकेटजवळच्या धुक्यात ‘अँड्रिया डोरिया’ या इटालियन प्रवासी जहाजावर ‘स्टॉकहोम’ आदळलं, तेव्हा मदतीला धावलेल्या बोटींत तीही होती. बहुतेक प्रवाशांना मोठ्या जहाजांनी उचललं, त्यामुळे तिथेही तिचं नाव तळटीपेतच राहिलं.

मग १९६३ ची ती गोवानसची रात्र.

गोदीच्या मालकांनी सरकारवर नुकसानभरपाईचा दावा लावला. सरकारचं म्हणणं साधं होतं: खलाशी सुट्टीवर होता, प्यायलेला होता, झडपा फिरवणं हे काही त्याचं काम नव्हतं, त्यात सरकारचं भलंही नव्हतं, मग आम्ही का भरायचं? खालच्या कोर्टाने सरकारला जबाबदार धरलं. १९६८ मध्ये अपिलात न्यायमूर्ती हेन्री फ्रेंडली यांनी तो निकाल कायम केला. मात्र कारण बदललं. नोकराने मालकाच्या भल्यासाठी काम केलं होतं का, ही जुनी कसोटी त्यांनी बाजूला ठेवली. त्यांचा मुद्दा असा: खलाशी बोटीवर राहतात, त्यांना गोदीवरून ये-जा करावी लागते, आणि किनाऱ्यावर गेलेला खलाशी बाटलीत सांत्वन शोधतो हे कोर्टांना नव्याने सांगायला नको. मग अशा माणसाच्या हातून गोदीचं काही ना काही नुकसान होणं हा त्या उद्योगातलाच धोका आहे. नेमक्या झडपाच फिरवेल हे कोणाला आधी दिसलं नसेल, पण काहीतरी होईल हे दिसायला हवं होतं. त्याने जिथे पिऊन घेतलं त्या बारलाच आग लावली असती, तर गोष्ट वेगळी.

मालकाच्या जबाबदारीबद्दल अमेरिकेत कायदा शिकणारे विद्यार्थी हा निकाल आजही वाचतात. त्यामुळे रीनोला वाचवलेल्या टगचं नाव ज्यांनी कधी ऐकलेलं नाही, अशा हजारो वकिलांना गोदीत बुडालेली टॅमरोआ पाठ आहे. प्रसिद्धी कशाने मिळेल याचा नेम नाही.

ऑक्टोबर १९९१

टॅमरोआ तेव्हा ४८ वर्षांची होती. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याजवळ अटलांटिकवर एक चक्रीवादळ आणि थंड हवेचा पट्टा एकत्र येऊन जे वादळ झालं त्याला पुढे ‘परफेक्ट स्टॉर्म’ म्हणू लागले. त्यावर पुस्तक आलं, २००० मध्ये सिनेमा आला आणि टॅमरोआही त्यात दिसली.

प्रथम तिला ‘सॅटोरी’ या ३२ फुटी शिडाच्या बोटीकडे पाठवलं. तीन माणसं. टॅमरोआने रबरी बोट सोडली, ती लाटांनी निकामी केली. शेवटी हेलिकॉप्टरने त्या तिघांना आणि रबरी बोटीतल्या खलाशांनाही उचललं. मजा अशी की रिकामी सॅटोरी बुडाली नाहीच. काही दिवसांनी मेरीलंडच्या किनाऱ्यावर जशीच्या तशी लागली.

३० ऑक्टोबरच्या रात्री त्याहून वाईट खबर आली. न्यूयॉर्कच्या एअर नॅशनल गार्डचं एक बचाव हेलिकॉप्टर दुसऱ्याच एका शिडाच्या बोटीच्या मदतीला जाऊन परतत होतं. त्याला हवेतच टँकर विमानातून इंधन घ्यायचं होतं, पण वाऱ्यात नळी जुळेना. इंधन संपलं. पाचही जण लाँग आयलंडच्या दक्षिणेला समुद्रात पडले.

टॅमरोआ पोहोचली ती मध्यरात्र उलटल्यावर. चाळीस फुटांच्या लाटा, वारा वादळी. बोट पाण्यात सोडणं म्हणजे आणखी माणसं घालवणं, हे सॅटोरीने शिकवलं होतं. कमांडर लॉरेन्स ब्रुडनिकी यांनी वेगळा मार्ग घेतला. बोट वाऱ्याच्या वरच्या अंगाला न्यायची, आडवी करायची आणि वाऱ्याने तिला पाण्यातल्या माणसांकडे वाहू द्यायची. म्हणजे मुद्दाम लाटांना कूस द्यायची. नाविकाला आयुष्यभर जे करू नको म्हणून सांगतात, नेमकं तेच. बोट पन्नास अंशांपर्यंत कलंडत होती. खलाशी डेकवर स्वतःला बांधून, बाजूने सोडलेल्या जाळ्याजवळ उभे होते. लाटेने माणूस वर आला की हात पोहोचायचा, बोट दुसरीकडे कलली की तोच माणूस खोल खाली. असं करत करत चौघांना वर घेतलं. पाचव्याचा, पॅराशूटने उतरून बचाव करणाऱ्या पॅरारेस्क्यू दलाच्या एका जवानाचा, शोध कित्येक दिवस चालला, पण तो सापडला नाही.

टगचं मागचं डेक मुद्दामच ठेंगणं असतं, ओढकामासाठी. माझ्या मते त्या रात्री उंच कठड्यांच्या नव्या, देखण्या जहाजापेक्षा हे ठेंगणं डेक जास्त उपयोगी पडलं असणार. १९४३ मध्ये क्रूझरसाठी आखलेली गोष्ट १९९१ मध्ये माणसांसाठी कामी आली.

पत्र्याची जाडी

१ फेब्रुवारी १९९४ ला टॅमरोआ निवृत्त झाली. दुरुस्तीला दहा लाख डॉलरच्या आसपास खर्च येणार होता, बोटीचं वय पन्नास. कुठलाही हिशेबनीस हाच निर्णय घेईल.

ती न्यूयॉर्कच्या ‘इंट्रेपिड’ संग्रहालयाला दिली गेली. तिथे तिची जागा एका विमानवाहू जहाजाच्या सावलीत. बघायला आलेला माणूस विमानं बघणार की टग? पुढे माजी खलाशी आणि हौशी लोकांनी तिच्या जुन्या नावाने एक न्यास काढला, ती व्हर्जिनियात नेली आणि शनिवार-रविवारी जमेल तसं काम सुरू केलं. रंग खरवडणं, इंजिनं साफ करणं, झडपा सोडवणं. आपल्याकडे एखाद्या किल्ल्यावर ट्रेकर मंडळी टाक्यातला गाळ उपसतात तसं. फरक एवढाच की किल्ला बुडत नाही.

पोलादी बोटीला सगळ्यात मोठा शत्रू खारं पाणी. दर काही वर्षांनी तिला गोदीत घेऊन तळ खरवडावा लागतो, पातळ झालेला पत्रा कापून नवा बसवावा लागतो. वर केबिन चकाचक करायला हौशी हात पुरतात. पाण्याखालच्या पत्र्याला गोदी आणि रोख पैसा लागतो. २०१२ मध्ये तळाला गळती लागली, पाणी आत शिरलं आणि न्यासाच्या आवाक्याबाहेरची रक्कम समोर आली. बोट विकली गेली, कृत्रिम खडक म्हणून बुडवण्यासाठी.

आता ती दुसरी टग. तिचं नाव ‘होगा’. शंभर फुटी, बंदरातली साधी टग. ७ डिसेंबर १९४१ ला ती पर्ल हार्बरमध्ये होती. जळत्या ‘ॲरिझोना’ या युद्धनौकेशेजारून दुरुस्ती जहाज ‘व्हेस्टल’ला तिने ओढून काढलं, बंदराच्या तोंडाशी बुडण्याच्या बेतात असलेल्या ‘नेवाडा’ या युद्धनौकेला रेटून किनाऱ्याला लावलं आणि पुढचे तीन दिवस आगी विझवल्या. युद्धानंतर कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहराने तिला जवळपास ४५ वर्षं अग्निशामक बोट म्हणून वापरलं. १९८९ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. तरी पुढे ती साठवणीच्या ताफ्यात अनेक वर्षं पडूनच होती. २००५ मध्ये नौदलाने ती आर्कान्सास राज्यातल्या नॉर्थ लिटल रॉकच्या संग्रहालयाला द्यायचं ठरवलं आणि प्रत्यक्ष पोहोचायला नोव्हेंबर २०१५ उजाडला.

होगाच का? माझं उत्तर असं. एक, तिची गोष्ट एका वाक्यात सांगता येते आणि त्या वाक्यात ‘पर्ल हार्बर’ आहे. टॅमरोआची सांगायला मला इतकी पानं लागली. वर्गणी मागायला गेलेल्या माणसाला एवढा वेळ कोण देतो? दोन, आकार. लांबी निम्मी झाली की वजन निम्मं होत नाही, त्याहून पुष्कळ कमी होतं, आणि बदलायचा पत्राही. तीन, मालक: होगामागे एक नगरपालिका उभी होती, टॅमरोआमागे पेन्शनर खलाशी. चार, नॉर्थ लिटल रॉक नदीवर आहे. गोड्या पाण्यात गंज हळू चढतो. आणि पाचवं, मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते: त्या संग्रहालयात आधीपासून ‘रेझरबॅक’ ही पाणबुडी होती, जी २ सप्टेंबर १९४५ ला जपानच्या शरणागतीच्या वेळी टोकियोच्या उपसागरात हजर होती. एका धक्क्यावर युद्धाची सुरुवात आणि शेवट. टगला नेहमीप्रमाणे दुसरं मोठं जहाज लागलंच, फक्त या वेळी ते तिच्या फायद्याचं ठरलं.

मुंबईकरांना हा हिशेब नवा नाही. ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका संग्रहालय म्हणून अकराएक वर्षं मुंबईत उभी होती, २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणाने बंद झाली आणि २०१४ मध्ये दारूखान्यात, मुंबईतल्या जहाजं तोडण्याच्या जागी, तिचा पत्रा कापायला घेतला. सप्टेंबर २०२० मध्ये ‘विराट’ही मुंबईतून गुजरातमधल्या अलंगच्या जहाजतोडणी केंद्राकडे निघाली, टगच्या मागे. या जहाजांसाठी अर्ज झाले, सह्यांच्या मोहिमा झाल्या. त्यांना ओढत नेणाऱ्या टगचं नाव विचारून बघा कुणाला.

बुडवण्याबद्दल आपल्या मनात अढी असते. मला ती तितकीशी पटत नाही. दारूखान्यात कापलेली बोट सळई होऊन कुणाच्या तरी स्लॅबमध्ये जाते. बुडवलेली बोट निदान बोटीच्या आकारात राहते. महाराष्ट्रानेही आता हा मार्ग धरला आहे: नौदलाने निवृत्त केलेली ‘गुलदार’ ही युद्धनौका २०२५ मध्ये महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या ताब्यात आली, सिंधुदुर्गात निवतीजवळ पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळ करण्यासाठी.

टॅमरोआला बुडवण्याआधी महिनोन्‌महिने धुतलं. तेल, केबल, रंगातली आणि आवरणांतली विषारी द्रव्यं, तुटून तरंगेल अशी प्रत्येक गोष्ट काढली. दारं काढली, म्हणजे पाणबुडे आत अडकू नयेत. हवामानामुळे तारीख लांबत गेली. शेवटी १० मे २०१७ ला डेलावेअरच्या किनाऱ्यापासून सुमारे २६ सागरी मैलांवर, डेलावेअर, न्यू जर्सी आणि मेरीलंड या तीन राज्यांच्या सामायिक ‘डेल-जर्सी-लँड’ खडकाच्या जागी तिला आणलं. स्वतःची इंजिनं केव्हाच बंद, त्यामुळे दुसऱ्या टगच्या तारेमागे, झोळी सोडून, हळूहळू. तिथे ती सुमारे १२० फूट खोल तळाला गेली.

त्या भागातला समुद्रतळ सपाट वाळूचा आहे. घट्ट धरून बसायला जागा मिळाली की शिनाण्यांसारख्या शिंपल्या आणि कालवं आधी येतात, मग त्यांना खाणारे मासे, मग माशांमागे गळ टाकणारी माणसं. ‘आर्थर रॅडफोर्ड’ नावाची ५६३ फुटी विनाशिका २०११ पासून तिथून मैलभरावर पडून आहे. पाणबुडे बहुतेक तिच्याचकडे जातात.